पळणाऱ्याची पाठ

वडील मुलांची उजळणी घेतात, त्यात नवल ते काय! पाढे, कविता, नद्यांची नावं. पण ओहायोतल्या एका छोट्या गावात रविवारी सकाळी लाइल स्टँबॉ आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीची, मॅरनची, जी उजळणी घेत होता, ती ऐकली असती ना, तर तुमच्या घशाखाली घास उतरला नसता!

“पुन्हा सांग. तो वळला, तेव्हा त्याच्या हातात काय होतं?”

“काहीतरी चमकलं... असं वाटलं मला.”

“‘वाटलं’ नको! ‘चमकलं’ म्हण. ठाम.”

“चमकलं.”

“आणि तो कुणाकडे येत होता?”

मॅरनने आईकडे पाहिलं. तिची आई, जनेल, शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. तव्यावरची अंडी करपली होती, तरी ती परततच होती. “एवढं एकच वाक्य, बाळा,” ती म्हणाली. “बाबा घरी राहतील.”

झालं होतं असं. दहा दिवसांपूर्वी, भर दुपारी, लाइल आणि मॅरन कोंबड्यांचं खाद्य आणायला गेले होते. लाइल गावोगाव गॅसच्या टाक्या भरत फिरणारा साधा माणूस. कधी कुणावर हात उचलला नाही. दुकानातून बाहेर येतात तो काय! त्यांच्या गाडीच्या मागच्या भागातून ट्रॉय लेमली लाकूड कापायची करवत उचलून पळत होता. ट्रॉयला सगळं गाव ओळखायचं. तेहतीस वर्षांचा, गोळ्यांच्या नशेत वाया गेलेला. लाइलचा हात शर्टाखाली गेला. तिथे पिस्तूल असायचं, परवान्याचं, गेली चार वर्षं. तो गाड्यांमधून चाळीस पावलं ट्रॉयच्या मागे धावला आणि त्याने गोळी झाडली. ट्रॉय खाद्याच्या पोत्यांवर पालथा पडला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्याने जीव सोडला.

लाइल जामिनावर सुटला होता. आणि उद्या दहा वाजता सरकारी वकिलांच्या कचेरीत मॅरनचा जबाब होता. जवळून पाहणारी ती एकटीच.

“वा रे वा, लाइल! घरात शाळा काढलीस वाटतं?”

जाळीच्या दारात विल्डा कट्राइट उभ्या होत्या. वय एकाहत्तर, शेरिफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, खात्यातून निवृत्त. गावात कुणाच्या घरी संकट आलं की शेजारी भरलं भांडं घेऊन येतात, तसं त्यांच्या हातात बटाटे-चीजचं भांडं होतं. पिस्तुलाच्या परवान्याआधीचा वर्ग त्याच घ्यायच्या, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये. लाइलही त्यांचाच विद्यार्थी.

“विल्डाबाई, हे आमचं घरातलं आहे,” लाइल म्हणाला.

“साक्षीदाराला पढवणं घरातलं नसतं रे. तो वेगळा गुन्हा आहे. वकिलाने सांगितलं नाही तुला?”

“माझ्याकडे परवाना आहे! आणि या राज्यात कुणी अंगावर आलं तर मागे हटायची सक्ती नाही. तुमच्याच वर्गात शिकलो मी!”

“माझ्या वर्गात?” विल्डाबाईंनी भांडं टेबलावर आपटलं. “नेमबाजीत तू पहिला होतास, कबूल. पण कायद्याच्या तासांना कुठे होतास? बाहेर! गाडीच्या फळीवर बसून डोनट खात होतास! ‘म्हातारीचं प्रवचन संपलं की हाक मार,’ असं कोण म्हणालं होतं?”

लाइलच म्हणाला होता. अहो, एकटा लाइलच कशाला, सगळे पुरुष तेच करायचे! कायद्याचा तास म्हणजे कॉफीचा तास, असा रिवाजच पडला होता.

विल्डाबाई खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज खाली आला. “आणि मी तरी काय केलं? तुझ्या प्रमाणपत्रावर सही केली. सगळ्यांच्याच प्रमाणपत्रांवर करायचे. ओळखीची माणसं, कशाला अडवायचं! दहा रात्री झोपले नाही मी.”

“मग आता काय फासावर जाऊ?”

“आता ऐक. तेव्हा बाहेर होतास ना, आता बस. भांडण तू उकरलेलं नसावं, जीव जाईल अशी भीती कुणालाही वाटावी, आणि ती त्याच क्षणी असावी, तेव्हाच गोळी! मागे हटायची सक्ती नाही, म्हणजे पाठलाग करायची मुभा मिळाली असं नाही, लाइल! ट्रॉय तुला मारणार होता का?”

“माझी करवत होती ती!”

“करवत तुझी होती. जीव त्याचा होता.”

 मग विल्डाबाईंनी हळूच विचारलं, “खरं सांग. त्या दिवशी कमरेला पिस्तूल नसतं, तर काय केलं असतंस?”

 “शिवी हासडली असती,” तो म्हणाला. “शेरिफला फोन केला असता. नशेडी माणूस... त्याच्या मागे कोण धावतंय.”

“बघ! म्हणजे पिस्तुलाने तुला वाचवलं नाही. पिस्तुलाने तुला धावायला लावलं!”

तेवढ्यात मॅरन बोलली. ठाम आवाजात, जो आवाज लाइल सकाळपासून तिच्याकडून मागत होता.

“बाबा, मी त्याच्या बुटांचे तळवे पाहिले. दोन्ही. उजव्याला भोक होतं. माणूस आपल्याकडे येत असेल, तर बुटांचे तळवे दिसतात का हो?”

लाइलने तोंड हातांत झाकलं. त्याचे खांदे हलू लागले. जनेलने गॅस बंद केला आणि तीही रडायला लागली, कारण मॅरनच्या या एका वाक्यानंतर नवरा घरी राहणार नव्हता.

“सांगू नकोस,” लाइल म्हणाला. “चमकलं वगैरे काही सांगू नकोस. जे पाहिलंस तेच सांग. मी तुझ्या आधी जातो.”

आणि तो गेला! सोमवारी सकाळी आठ वाजताच आपल्या वकिलाला घेऊन सरकारी वकिलांकडे गेला, आणि म्हणाला, “तो पळत होता. माझ्या जिवाला धोका नव्हता.” दहा वाजता मॅरननेही तेच सांगितलं.

शिक्षेच्या दिवशी ट्रॉयची म्हातारी आई कोर्टात उभी राहिली. ती ओरडली नाही. “माझा मुलगा चोर होता,” ती म्हणाली. “या चोरीला सहा महिन्यांपेक्षा जास्त कैद नाही, असं मला सांगितलं. सहा महिने मी वाट पाहिली असती.” लाइलला नऊ वर्षांची कैद झाली. त्याने मान वर केली नाही.

मित्रहो, परवाना मिळाला म्हणजे आपण न्यायाधीश होत नाही! आपल्या रागाला, आपल्या वस्तूला, आपल्या मानापमानाला कायदा गोळी देत नाही. तो ती फक्त धोक्यात आलेल्या जिवाला देतो, तीही त्या क्षणापुरती. धोका सरला की हक्क सरला. पाठ दिसली की हात खाली! आणि एवढं ज्याला जमणार नसेल, त्याने पिस्तूल कपाटात कुलूप लावून ठेवावं, आणि चोर करवत नेत असेल तर खुशाल नेऊ द्यावी.