अँटेनाचा खटका

माझी बायको कला गेली, त्यानंतर पाच महिन्यांनी मी रिले बांधायला घेतला, म्हणजे विजेवर आपोआप पडणारा खटका. त्याआधी गरज पडली नव्हती. खटका ती टाकायची.

हॅम रेडिओ, म्हणजे घरून हौसेने चालवायचा बिनतारी सेट, सगळ्यांना माहीत नसतो, म्हणून सांगतो. माझा ट्रान्समीटर वेगळा आणि रिसीव्हर वेगळा, दोन्ही व्हॉल्व्हचे, जुने. अँटेना एकच, सातपूरच्या आमच्या गच्चीवरून ताणलेली तार. बोलताना ती ट्रान्समीटरला जोडायची, ऐकताना रिसीव्हरला. त्यासाठी खिडकीपाशी भिंतीवर मोठा खटका होता. मी 'ओव्हर' म्हणालो की कला तो ओढायची. खटक्याला तिसरीही जागा होती, शंभराच्या बल्बची. सेट तपासताना अँटेनाऐवजी बल्ब जोडतात. सगळी ताकद बल्बात जळते, बाहेर काही जात नाही. माझी पाठ त्या भिंतीकडे. एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी ती माझ्यामागे बसली.

रविवारी सातला नेट भरतं. जिल्ह्यातले दहा-बारा हॅम हवेत एका जागी येतात, एक जण हजेरी घेतो. मी कंपनीतून रिटायर झालेला, मूलबाळ नाही, शेजाऱ्यांशी पटत नाही. आठवड्यात माझं नाव घेणारी तेवढीच जागा उरली होती. कला गेल्यापासून सेट लावला नव्हता, पण ती जागा सोडायची नव्हती.

जुना स्टॅबिलायझर फोडून रिले काढला. पॉइंट काळे पडले होते, ते काचकागदाने घासले. पायाने दाबायला दारावरच्या घंटीचं बटण लाकडी फळीवर ठोकलं. पहिल्यांदा दाबलं तर रिसीव्हर किंचाळला, कारण तो बंदच होत नव्हता. मग त्यालाही गप्प करणारी दुसरी जोडणी केली. चार दिवसांत झालं. पाय दाबला की अँटेना ट्रान्समीटरला, पाय उचलला की रिसीव्हरला. बल्बची जागा ठेवली नाही.

रविवारी माझी हजेरी झाली आणि चांदवडचा भिमाजी बोलला. "पुंजारामभाऊ, आवाजात गुरगुर आहे. कंडेन्सर बघा."

हे तो वीस वर्षं बोलत आलाय. मी पाय दाबला. "तुझ्या कानात मळ आहे, भिमाजी. तुझा सेट दुसऱ्याने बांधून दिलेला. तुला साधं सोल्डर मारता येत नाही. माझी बायको गेली तर दहाव्याला तुझं तोंड दिसलं नाही, आणि आज मला कंडेन्सर शिकवतोस." आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही.

पाय उचलला. मग येवल्याच्या वेदिका मॅडम, ज्या हजेरी घेतात, त्यांचा आवाज आला. "पुंजारामकाका, माझ्या शाळेतल्या मुली ऐकत होत्या. आजचं नेट मी बंद करते."

मला नवल वाटलं. याहून वाईट मी कितीदा बोललो होतो. भिमाजी दर वेळी गप्प बसायचा, नेट पुढे जायचं.

बुधवारी भिमाजी एसटीने घरी आला.

"आत घेणार, का इथूनच जाऊ?"

"बोल इथूनच."

तो आत आलाच. टेबलावर रिलेचा डबा पाहिला, भिंतीवरचा रिकामा खटका पाहिला. "हां. आता कळलं."

"काय कळलं?"

"पूर्वी तुम्ही चिडलात की दोन शब्दांत गायब व्हायचात. आम्हाला वाटायचं, सातपूरची लाइट गेली. मग एका लग्नात वहिनी माझ्या बायकोला, मीनाला म्हणाल्या, हे तापले की मी बल्बवर टाकते."

"खोटं."

"मीनाला विचारा."

"मीटरचा काटा पडला असता."

"बल्बवर काटा पडतो? सांगा ना, तुम्ही मोठे बांधणारे."

पडत नाही. सेटची ताकद दाखवणारा काटा तसाच राहतो, म्हणून तर बल्ब वापरतात.

"एकोणीस वर्षं मी तुला शिव्या दिल्या," मी म्हणालो.

"मला पाच-सहाच मिळाल्या. बाकीच्या बल्बने खाल्ल्या." तो हसला.

"दहाव्याला का नाही आलास?"

त्याचं हसू गेलं. "आलो होतो. रामकुंडावर तुमच्या मागे उभा होतो. तुम्ही वळून पाहिलंत आणि तोंड फिरवलंत."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं. मॅडमचा निरोप आहे. रविवारी सगळ्यांसमोर माफी, नाहीतर यादीतून नाव कमी."

मी त्याला चहा विचारला नाही.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो. माझ्या पाठीमागे बल्ब जळत ठेवायची, मी थांबलो की खटका रिसीव्हरवर ओढायची, आणि मी विजयी होऊन उठलो की पोहे पुढे ठेवायची. एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिला तिथून उठवलं असतं, हेही खरं. त्या दिवशी मी बटण वीस-पंचवीस वेळा दाबून पाहिलं. रिले दर वेळी खट्‌कन गेला. त्याला काय, दाबलं की जातो.

रविवारी नाव आलं. पाय दाबला. "मागच्या वेळी भिमाजींना वाईट बोललो. शब्द परत घेतो. ओव्हर."

"मान्य," भिमाजी म्हणाला. "पण गुरगुर अजून आहे."

मी पाय दाबला. "भिमाजी," म्हणालो, आणि पुढचा शब्द जिभेवर असताना पाय उचलला.

मग बोललो. माइक तोंडासमोर धरून, घसा ताणून, सगळं. त्याचे कान, त्याचा उसना सेट, त्याचं हसणं. रामकुंडावर त्याला मी पाहिलं होतं, तेही बोललो. हेडफोनमध्ये वेदिका मॅडम विचारत होत्या, "काका, नावापुढे काही ऐकू आलं नाही, पुन्हा सांगता?" त्यांचं बोलणं चालू असतानाही मी बोलत राहिलो. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि पुढचं नाव घेतलं.

माझं संपलं तेव्हा मालेगावचा माणूस तिकडच्या उकाड्याबद्दल सांगत होता. मी खुर्ची ओढली आणि ऐकत बसलो.