तिसऱ्या खोलीतले सोडण

मित्रांनो, मी एक जुने सोडण आहे. नारळाचे केसाळ साल, खोबरे काढून झाल्यावर लोक जे चुलीत घालतात, तेच. मूळचा मी दूर पूर्वेच्या समुद्रातल्या समार बेटावरच्या मालिंताब गावचा. एका उंच माडाच्या शेंड्यावर राहत होतो आणि तिथून समुद्र दिसे. एके दिवशी मला खाली पाडले, कोयत्याने आडवे दोन तुकडे केले, आतले होते नव्हते ते खरवडून घेतले, आठ दिवस उन्हात ठेवले आणि मग शाळेत घातले. शिक्षणाची सुरुवात बहुतेकांची अशीच होत असावी.

शाळेत माझे काम घासण्याचे. फळ्यांच्या जमिनीला लाल मेण लावून झाले की मला पालथे ठेवायचे, पाठीवर एक पाय द्यायचा आणि नाचल्यासारखे पुढेमागे सरकायचे. मुलांना हे काम अभ्यासापेक्षा आवडे. माझे केस झिजत गेले आणि तिसऱ्या खोलीची जमीन अशी चमकू लागली की मुली तिच्यात बघून भांग पाडत. माझे खूप कौतुक झाले. ते मला तेव्हा गोड लागले, हे कबूल करतो.

मला शाळेत आणले इलुमिनादा नावाच्या बाईने. वय साठीपुढचे, आवाज फेरीबोटीच्या भोंग्यासारखा. गाव तिला मानांग म्हणे, म्हणजे आपली अक्का. पालक संघाची अध्यक्ष तीच. तिची नात जोनालिन तिसरीत होती.

शाळा लाकडी, खांबांवर उभी. तीन खोल्यांत सहा इयत्ता. छप्पर गळते, फळ्या कुजल्या आहेत, दुरुस्ती करून द्या, असा अर्ज शाळेच्या शिक्षिका क्रिस्पिना बाई दरवर्षी करत. दरवर्षी उत्तर येई की कागद वर गेला आहे. मी माडावर वाढलेला. वर गेलेली वस्तू पिकली की खाली पडते, एवढे मला कळते. हा कागद अकरा वर्षे पिकत होता.

शेवटी निरोप आला. इंजिनियर साहेब येणार, शाळा पाहणार, आणि खरोखर मोडकी असेल तर दुरुस्तीच्या यादीत घालणार. गावाची सभा भरली.

"सगळं आहे तसंच राहू द्या," क्रिस्पिना बाई हळूच म्हणाल्या. "मोडकं बघायलाच येतायत ना ते?"

"बाई, पाहुणे आले की तुम्ही त्यांना आधी मोरी दाखवता का?" मानांगने विचारले.

सभा हसली. बाई खाली बसल्या.

गावचा कप्तान, म्हणजे आपला सरपंच, सेवेरो म्हणाला, "मानांग, नुसता केर काढला तरी पुरे की."

"तू बोलूच नकोस. तुझ्या अंगणातून बाहेर पडताना कोंबड्यासुद्धा पाय पुसतात."

मग तीन दिवस गाव शाळेत राबले. घरोघरचे पडदे खिडक्यांना लागले. गळक्या जागांखाली कुंड्या मांडल्या गेल्या आणि त्यांत फुले आली. वाळवीने केलेली भोके मानांगने स्वतः मेणाने भरली आणि मला पायाखाली घेऊन वरून घासली. फळी थोडी दबत होती. मला ते जाणवले. पण सोडणाला कोण विचारतो?

इंजिनियर साहेब आले. त्यांनी जमिनीत स्वतःचा चेहरा पाहिला, टाय सारखा केला, शेवया दोनदा वाढून घेतल्या, केळीच्या पानातला गोड भात घरच्यांसाठी बांधून घेतला. जाताना म्हणाले, "इतकी सुरेख शाळा मी जिल्ह्यात पाहिली नाही."

महिन्याने कागद आला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच काही तरी खाली पडले होते. त्यात लिहिले होते: इमारतीची स्थिती उत्तम, दुरुस्तीची आवश्यकता नाही. सोबत स्वच्छतेचे प्रशस्तिपत्रक होते. मानांगने ते चौकटीत बसवले.

चौकट भिंतीवर चढली त्याच आठवड्यात जोनालिन माझ्यावर पाय ठेवून घासत होती. तिसऱ्या फेरीला फळी मोडली. मी खाली गेलो आणि माझ्यामागून तिचा पाय मांडीपर्यंत खाली आला. ती ओरडली नाही. तिला आधी कळलेच नाही. जमीन अजून चमकत होती, आणि चमकत्या जमिनीत आपला पाय कसा काय नाही, हे ती पाहत राहिली. मग रक्त आले. चौदा टाके पडले.

मित्रांनो, शाळेखाली पडल्या पडल्या मी पहिल्यांदा त्या फळ्या खालून पाहिल्या. वाळवीने त्यांचा भुसा केला होता. मधे उरला होता जाडसर पुठ्ठ्याइतका पापुद्रा, आणि त्यावर माझी वर्षानुवर्षांची मेहनत.

जिल्ह्याच्या कचेरीने या वेळी मात्र तातडीने हुकूम काढला: खोली धोकादायक आहे, शाळा बंद करून मुलांना नदीपलीकडच्या शाळेत पाठवावे. नदीवर पूल नव्हता. पावसाळ्यात होडीवालाही देवाचे नाव घेऊन होडी सोडी.

 हुकूम आल्याच्या तिसऱ्या दिवशी मानांग क्रिस्पिना बाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात."

"जाऊ दे, मानांग."

"जाऊ कसं देऊ? पोरीच्या पायात माझं मेण निघालं, बाई. डॉक्टर चिमट्याने काढत होता."

 बाईंनी चप्पल घातली.

मोडकी फळी मानांगने उपटली. शाळेखाली वाकून मला शोधून काढले आणि विणलेल्या पिशवीत टाकले. मानांग आणि क्रिस्पिना बाई धरून अकरा जणी जिल्ह्याच्या कचेरीला निघाल्या. जीपनीत, म्हणजे आमच्याकडच्या लांबट प्रवासी जीपमध्ये, फळी आडवी मावेना, म्हणून सगळ्यांच्या मांड्यांवर उताणी ठेवली.

"मानांग, भुसा सांडतोय. फडकं मारू का?" एकीने विचारले.

"हात लावशील तर बघ," मानांग म्हणाली.

कचेरीतले मोठे साहेब भले गृहस्थ होते. मानांगने फळी त्यांच्या टेबलावर ठेवली, चमकती बाजू वर.

"वा! कुठलं लाकूड?"

मानांगने फळी उलटली. कागदांवर भुशाचा ढीग पडला आणि त्यातून वाळवी चालू लागली. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. मानांगने प्रशस्तिपत्रक फळीशेजारी ठेवले, मग पिशवीतून मला काढून त्यावर ठेवले.

"बाई, हे तुम्ही आमच्या माणसाला तेव्हाच का नाही दाखवलं?"

"लाज वाटली, साहेब. गरिबाघरी पाहुणा आला की तो फाटकं पांघरूण आत टाकतो. पण साहेब, आत मुलं होती." तिचा भोंगा पहिल्यांदाच बारीक झाला. "नातीला चौदा टाके पडले. उद्या तुम्ही त्रेसष्ट मुलं नदीत सोडणार. आमची लाज आम्ही आणलीय. आता ती तुमच्या टेबलावर राहू दे."

फळी तिथेच ठेवून अकरा जणी निघाल्या. मला तेवढे क्रिस्पिना बाईंनी उचलले.

हुकूम थांबला. इंजिनियर साहेब पुन्हा येणार असे ठरले. ते यायच्या सकाळी गावाने केले ते काम तीन दिवसांच्या झाडलोटीपेक्षा अवघड होते: कोणी काहीही केले नाही. मानांग पायरीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. वाऱ्याने एक वाळके पान आत आणले. तिचा खांदा हलला, पण ती उठली नाही. साहेब तुळयांवरून जपून पावले टाकत गेले, वाकून खाली पाहिले आणि बराच वेळ लिहीत राहिले.

फळ्या आल्या, पण अर्ध्याच खोलीपुरत्या. उरलेल्या गावाने माडाच्या खोडातून काढल्या. छपराचा कागद अजून वर आहे. मानांग दर महिन्याला शाळेखाली रांगत जाते, प्रत्येक फळीवर खालून ठोकते, आणि ती वर आल्याशिवाय कोणाला मेणाचा डबा उघडू देत नाही. नवी जमीन नवी सोडणे घासतात. माझे केस संपले. मी खिडकीत असतो.

मित्रांनो, तुमचीही शाळा पाहायला कधी तरी कोणी साहेब येईल. पाहुणा आहे, त्याला चहा जरूर द्या, सोबत चांगले खायलाही द्या. फक्त त्याला तुटलेल्या पायरीवर बसवून द्या.