बाईंनी निवडलेला कंत्राटदार

जगात सांगितलेलं कळणारी माणसं थोडी आणि न कळणारी फार, आणि ही दुसरी जात नेमकी आपल्याच वाट्याला येते, असं बाईंचं पक्कं मत होतं. जन्मभर शाळेत भूमिती शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि गल्ली त्यांना अजूनही नुसतं 'बाई' म्हणायची. शाळा सुटली तरी चुका काढायची सवय सुटली नव्हती. घरात ऐकून घ्यायला उरली होती दोनच माणसं. एक नवरा, बँकेतून निवृत्त झाल्यापासून पेपरच्या आड राहणारा. दुसऱ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, पुढच्या खोलीत राहणाऱ्या, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं ठणठणीत.

घराच्या पुढच्या दाराबाहेर काँक्रीटचा ओटा होता आणि त्याला जोडून पायऱ्या. ओट्याचा डावा कोपरा गेल्या वर्षापासून खचत चालला होता. भेग आधी केसाएवढी होती, मग बोट जाईल एवढी झाली. एका सकाळी वन्संचा पाय तिथं अडकला. कठडा हाताला लागला म्हणून पडल्या नाहीत, पण "माझं काय, आज आहे उद्या नाही," हे वाक्य त्यानंतर दोन्ही जेवणांच्या वेळी ऐकू येऊ लागलं. बाईंनी ओटा दुरुस्त करायचं ठरवलं ते निम्मं त्या वाक्याला कंटाळून.

नवऱ्यानं पेपर थोडा खाली केला आणि म्हटलं, "न्हाणीघराचा पाइप ओट्याखालूनच जातो ना? तो गळत असेल तर..."

"तुम्ही बँकेत होतात," बाई म्हणाल्या, आणि पेपर पुन्हा वर गेला.

मग कंत्राटदार येऊ लागले. पहिला आला तो गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून त्यानं ओट्याकडे पाहिलं, फोनवर कुणाला तरी शिव्या घातल्या, आणि "होऊन जाईल" म्हणून निघून गेला. असल्या माणसाच्या हातात आपण कोंबड्यांचं खुराडंसुद्धा देणार नाही, असं बाईंनी जाहीर केलं. दुसरा एका कंपनीकडून आला. गळ्यात टाय, पायात आरसा दिसेल असे बूट. ओट्याला तो 'प्रोजेक्ट' म्हणाला आणि भेगेला 'इश्यू'. बाईंनी त्याला काटकोन कशाला म्हणतात ते विचारलं. तो हसला. म्हणजे त्याला येत नव्हतं. चहा न देताच त्याची पाठवणी झाली.

तिसरी आली ती बाईमाणूस होती. इंजिनिअर, चाळिशीची, रुंद खांद्यांची, नाकावर घसरणारा चष्मा. तिला बोलायची हौस नव्हती. तिनं पिशवीतून हातोडी काढली आणि सगळ्या ओट्यावर टक टक करत फिरली. कोपऱ्यात आवाज पोकळ आला तसं तिचं तोंड आणखीच आंबट झालं. पाणी कुठून येतं, कुठं जातं, पाइप कधीचे आहेत, असं तिनं विचारलं. शेवटी म्हणाली, वरून लिंपून काही होणार नाही. ओटा फोडायचा, खालचा भराव उकरून पुन्हा ठोकून बसवायचा, पाइप बदलायचा, मग नवं काँक्रीट. तोवर पुढचं दार बंद.

आमच्या घरात गुडघ्यानं अधू माणूस आहे, असं बाईंनी सुनावलं. तर ती म्हणाली, "म्हणूनच."

हा उर्मटपणा बाईंना सहन झाला नाही. डॉक्टर जसे साध्या खोकल्यावरून घाबरवून ऑपरेशन करतात, तशीच ही गत, असं त्यांनी वन्संना समजावलं. वन्संनीही मान डोलावली. पुढचं दार बंद होण्यात त्यांना काडीचाही रस नव्हता.

चौथा आला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

तो दारातूनच हसत आला. ओटा पाहिला आणि कपाळाला हात लावला. असला ओटा बांधणाऱ्याला हातात थापी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं तो म्हणाला. आधी कोण कोण येऊन गेलं ते त्यानं विचारून घेतलं आणि एकेकाची सालं काढली. गाडीवाल्याला गाडीच चालवता येते. टायवाल्याला टायसुद्धा दुसऱ्यानं बांधून दिलेला. आणि ती इंजिनिअर? "तिला फोडायचंच माहीत, बाई. जोडायला अक्कल लागते." बाई खळखळून हसल्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या घरात त्यांच्या तोडीच्या तुच्छतेनं कुणी बोललं नव्हतं. जाता जाता तो म्हणाला की गिऱ्हाइकं शेकड्यानं पाहिली, पण सरळ रेषेची अशी नजर असलेली बाई विरळा. काम त्यालाच मिळालं, हे सांगायला नको.

त्याची माणसं आली, भेगांत काहीबाही भरून वरून गुळगुळीत थर देऊन गेली. ओटा नव्या नवरीसारखा दिसू लागला. बाईंनी गल्लीतल्या झाडून साऱ्यांना बोलावून तो दाखवला. शेजारच्या डॉक्टरांना तर दोनदा दाखवला, कारण पहिल्यांदा त्यांनी पुरेसं कौतुक केलं नव्हतं. नवऱ्यानं ओट्यावर एक पाय टेकवून पाहिला आणि तो पुन्हा पेपराआड गेला. बाईंच्या मते कौतुक करायलाही बुद्धी लागते.

महिना सरला नाही तोच नव्या थराचं सालपट निघायला लागलं. भाजलेल्या कातडीसारखे पापुद्रे सुटले. कोपरा पुन्हा खचला, आणि या वेळी पायरीलाही घेऊन खचला. बाईंनी फोन केले. फोन वाजायचा, उचलला जायचा नाही. वन्सं दारात खुर्ची टाकून दिवसभर त्या कोपऱ्याकडे बघत बसायच्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

एका दुपारी बाई कंपाउंडच्या भिंतीपाशी कपडे वाळत घालत होत्या. पलीकडून ओळखीचं हसू ऐकू आलं. डॉक्टरांच्या अंगणातल्या फरशीलाही भेगा पडल्या होत्या आणि डॉक्टरांनी कुणाकडून तरी नाव घेऊन त्यालाच बोलावलं होतं. तो कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोनदा ओटा दाखवला होता, पण करणाऱ्याचं नाव बाईंनी सांगितलं नव्हतं.

"आता हा शेजारचा ओटा बघा, डॉक्टरसाहेब," तो सांगत होता. "कुणी केला देव जाणे. पण खरा दोष कामाचा नसतो, गिऱ्हाइकाचा असतो. मालकीणबाई अशा असतात, चार बुकं शिकलेल्या, स्वतःला फार कळतं असं वाटणाऱ्या. त्यांची दोन वेळा तारीफ करा, त्या डोळे मिटून होय म्हणतात."

बाईंच्या हातातला पिळा तसाच राहिला. तोंडावर उडालेला तो चिखल त्यांना अनोळखी नव्हता. आजवर त्यांनीच तो मुठी भरभरून दुसऱ्यांवर उडवला होता, आणि या माणसाच्या मुठीतला पाहून टाळ्याही पिटल्या होत्या. कान तापले. घरात जावं, दार लावून घ्यावं, एवढंच क्षणभर मनात आलं. घरात गेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. डॉक्टरांनी त्याला काम दिलं असतं, आणि मग गल्लीत वेडे ठरलेले एकटे आपणच उरलो नसतो.

हा विचार मनात आला तशी बाईंना स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी पिळा बादलीत टाकला, फाटकातून बाहेर पडल्या आणि ओल्या हातांनीच डॉक्टरांच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"तो ओटा यांनीच केलाय," त्या म्हणाल्या. "आणि यांना निवडणारी ती चार बुकं शिकलेली मी. तारीफ दोनदा नाही, एकदाच केली होती. तेवढ्यात भागलं."

त्या माणसाला लाज वाटली असं म्हणता येणार नाही. सिमेंट हलकं आलं होतं, माणसं नवी होती, असं काहीतरी तो हसत हसत बोलत राहिला, आणि बोलत बोलतच फाटकाबाहेर गेला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी ओट्याचा विषय न काढता, मग बोलवावं कुणाला, एवढंच विचारलं. बाईंना त्या घसरत्या चष्म्याच्या बाईचं नाव सांगावं लागलं. कडू औषध घशाखाली उतरवताना जसा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता.

बाईंच्या बोलावण्यावरून इंजिनिअर पुन्हा आली तेव्हा त्यांनी टोमण्याची तयारी ठेवली होती. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' असं ती म्हणणार, आणि आपण काय उत्तर द्यायचं, तेही त्यांनी घोकून ठेवलं होतं. पण तिनं हातोडी काढली, टक टक केली आणि पाणी कुठून येतं, असं विचारलं. तिला बाई आठवतच नव्हत्या. त्यांच्यासारखी चार दारं ती रोज बघत होती, आणि निम्मी दारं तिला हाकलून देत होती. घोकलेलं उत्तर फुकट गेलं.

ओटा फुटला तेव्हा खाली एक शेळी बसेल एवढी पोकळी निघाली. न्हाणीघराचा पाइप सांध्यातून गळत होता आणि कधीपासून माती धुऊन नेत होता. नवरा पेपरची घडी काखेत घालून बाहेर आला, खड्ड्यात डोकावला आणि आत गेला. बाई त्याच्या मागोमाग गेल्या.

"मोठ्यानं का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. "तुझ्यापुढे मोठ्यानं बोललेलं भांडण होतं," तो म्हणाला, "आणि हळू बोललेलं तुला ऐकू येत नाही. तिसरा आवाज मला देवानं दिला नाही."

बाईंच्या जिभेवर उत्तर नव्हतं असं नाही, दोन होती. पण दोन्ही त्यांनी गिळली, आणि ती पचायला जड गेली.

पुढचं दार बंद होतं तोवर वन्सं स्वयंपाकघराच्या दारानं ये-जा करू लागल्या, आणि येता-जाता तिथंच बसून बाईंना कांदा कसा चिरावा ते शिकवू लागल्या. बाईंना ती शिक्षा रास्त वाटली, पण आवडली मुळीच नाही. नवा ओटा झाला, पाणी मारून मारून पक्का झाला. इंजिनिअरनं निघताना कौतुकाचा एक शब्द काढला नाही, मागितलाही नाही. वन्संनी पहिल्याच दिवशी पायऱ्या जरा अरुंद झाल्याचं सांगितलं.

थोड्या दिवसांनी रेडिओ चालू असताना पेपराआडून काही पुटपुटणं ऐकू आलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आल्यासारखी वाटते, असं काहीसं ते होतं. बाईंनी उठून रेडिओ बंद केला.

"काय म्हणालात? पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "आणि चुकीचं असलं तर मात्र ऐकून घेणार नाही."