दोन्ही काठांना एकच दर

नदीपलीकडच्या न्यामाबारी काउंटीने चहा कंपनीला दहा वर्षं कर माफ केला, ही बातमी तापकिगेन सोयला कळली ती कंपनीच्या वकिलाकडून. नेमकं तेच तिला खटकलं.

केप्तेरेर काउंटीच्या सभेत ती अर्थसमितीची अध्यक्ष होती. राजकारणात ती उतारवयात आली. त्याआधीची उमेदीची सगळी वर्षं तिने सरकारी दवाखान्यात काढली होती. तिच्या वॉर्डातल्या अर्ध्या घरांची बाळंतपणं तिच्या हातची, म्हणून गव्हर्नरपासून भाजीवालीपर्यंत सगळे तिला अजून सिस्टरच म्हणत.

वकिलाचं नाव मुगांबी. माणूस नैरोबीचा, बोलणं मधासारखं. कंपनीला इथल्या डोंगरात चहाच्या पॅकिंगचा मोठा कारखाना काढायचा होता. आजवर इथला चहा गोण्यांत भरून थेट मोंबासा बंदराला जायचा. आता डबे इथेच भरणार, नोकऱ्या इथेच मिळणार. फक्त कारखाना नदीच्या या काठाला की त्या, एवढंच ठरायचं होतं.

"आम्हाला तुमच्याकडेच यायचंय हो," गव्हर्नरच्या कचेरीत चहाचा घोट घेत मुगांबी म्हणाला. "पण न्यामाबारीनं दहा वर्षं माफी दिलीय. आता आमच्या वरच्या मंडळींना मी काय तोंड दाखवू?"

गव्हर्नरने टेबलावर थाप मारली. "मग आम्ही बारा देतो!"

"साहेब, हा लिलाव चाललाय का?" तापकिगेन म्हणाली. "आणि तोही उलटा? जो जास्त सोडेल त्याचा माल?"

"सिस्टर, तुम्हाला पोरं दिसत नाहीत का? दिवसभर बोडाबोडाच्या स्टँडवर मोटरसायकलींना टेकून भाड्याची वाट बघत असतात."

"दिसतात. मला रस्ताही दिसतो. मागच्या पावसाळ्यात याच कंपनीचा ट्रक चढावर रुतला आणि त्याच्या मागं अडकलेल्या प्रवासी मटाटूत एक बाई बाळंत झाली. मी सीटवर गुडघे टेकून बाळ काढलं. बारा वर्षं कर नाही, तर तो रस्ता करायचा कुणी? तुम्ही की मुगांबीसाहेबांनी?"

मुगांबी हसला. रागवायचं नाही, ही त्याच्या धंद्याची शिकवणच असावी. "विचार करा. मात्र सवडीनं नको," एवढं बोलून तो उठला.

गव्हर्नर वाईट माणूस नव्हता. निवडणूक जवळ आली होती आणि दाखवायला हातात काही नव्हतं, इतकंच. तापकिगेनने त्याला विचारलं, न्यामाबारीने माफी दिल्याचा कागद कुणी पाहिलाय का? कुणीच पाहिला नव्हता. पलीकडे जाऊन विचारून यावं, असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. येणार कसं? अलीकडे किप्सिगिस जमात, पलीकडे गुसी. आज्या-पणज्यांच्या काळापासून एकमेकांची गुरं पळवलेली, गोठे जाळलेले. बाजारहाट, सोयरीकही आताशा होत होती, पण सरकारी कामासाठी पूल ओलांडायचा म्हणजे नाक कापून घेतल्यासारखं.

तापकिगेनने दुसऱ्या दिवशी पूल ओलांडला.

न्यामाबारीच्या अर्थसमितीचा अध्यक्ष झकारिया ओमवांसा. एके काळी तो फुटबॉलचा पंच होता. आता पोट सुटलं होतं, पण आवाज मैदानातलाच राहिला होता. केळीच्या बागेत बाकावर बसून तो मजुरांवर ओरडत होता. तिला पाहताच त्याने हात वर केले.

"अरे देवा, किप्सिगिस बाई! गुरं न्यायला आलात की परत करायला?"

"तुमची गुरं बघून आमच्या लोकांनी चोरी कधीच सोडली," ती म्हणाली. "बरगड्या मोजून घ्याव्यात अशी जनावरं. कोण हाकत नेणार?"

ओमवांसा खो खो हसला. त्याने बायकोला चहा टाकायला सांगितला. तापकिगेनने ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. "तुम्ही मुगांबीला दहा वर्षं दिली म्हणे?"

"आम्ही?" ओमवांसाचं हसू मावळलं. "आम्ही सातवर अडून बसलोय. दहा तर तुम्ही दिली ना! तो महिनाभर तेच सांगतोय. केप्तेरेरनं दिली, तुम्ही मागं पडलात, म्हणून."

"आम्ही अजून एक दिवससुद्धा दिलेला नाही."

आतून कपबशांचा आवाज आला.

"म्हणजे मैदानात दोन संघ," ओमवांसा हळूच म्हणाला, "आणि दोघांच्याही कानात एकच माणूस सांगतोय की पलीकडच्यानं गोल मारला."

"आणि चेंडू त्याच्या बगलेत."

त्या दुपारी त्या बाकावर दोघांनी ठरवलं, की जमिनीवरचा आणि इमारतीवरचा कर दोन्ही काठांना सारखाच ठेवायचा. कमी नाही, जास्त नाही, माफी कुणालाच नाही. मग कारखाना कुठेही बसो, फुकट बसणार नाही.

तापकिगेनने परत येऊन हे सांगितलं तेव्हा गव्हर्नर चांगलाच भडकला. गुसींवर विश्वास ठेवलात, असं म्हणाला. पण मुगांबीने आपल्यालाही खेळवलं, हे त्याला जास्त झोंबलं असावं. त्याने आडकाठी केली नाही. दोन्ही सभांत ठराव मंजूर झाले, आणि तापकिगेन त्या रात्री शांत झोपली.

ती शांतता फार टिकली नाही. महिनाभरात नैरोबीहून आदेश आला. नदीच्या दोन्ही काठांवरचा पट्टा खास उद्योगक्षेत्र म्हणून जाहीर झाला होता. त्या पट्ट्यात कारखाना काढणाऱ्याला काउंटीचा कोणताही कर लागू नाही. कारण एका वाक्यात दिलं होतं: शेजारच्या देशांशी स्पर्धा करायची, तर सवलती द्याव्याच लागतात.

ओमवांसाचा फोन आला. "संपलं, सिस्टर. आपण दोघं गल्लीत एकमेकांशी भांडत होतो, आता कळलं की नैरोबीसुद्धा कुणाशी तरी तसंच भांडतेय. कंपाला, किगाली, सगळेच सोडतायत. वरच्यानं शिट्टी वाजवली की खेळ खलास."

"घटनेत काउंटीला काय दिलंय ते माहीत आहे ना?"

"दिलंय काय आणि नाही काय! जमीन-इमारतीवर कर, करमणुकीवर कर. तोही देशाच्या धोरणाला धक्का न लावता. धोरण कुणाचं? त्यांचं. धक्का लागला की नाही हे ठरवणार कोण? तेच."

"आणि आपण देतो त्या सोयींचं शुल्क. ते विसरलात."

"कसली सोय देतो आपण त्यांना?"

तापकिगेन खिडकीशी उभी होती. समोर चहाचे मळे उतरत उतरत नदीपर्यंत गेले होते, आणि त्यांच्यामधून लाल मातीचा रस्ता, चाकोऱ्यांनी पार फाटलेला. एक ट्रक डुलत डुलत चढत होता.

"रस्ता," ती म्हणाली.

मळ्यांमधले ते सगळे रस्ते काउंटीचे होते, नैरोबीचे नव्हते. कर माफ झाला होता, शुल्क नाही. भरल्या ट्रकमागे रस्तादुरुस्तीचं शुल्क घ्यायचं, दोन्ही काठांना एकाच दराने, आणि ते पैसे रस्त्याखेरीज कशालाही वापरायचे नाहीत, असा मसुदा तिने आणि काउंटीच्या वकिलाने मिळून केला. वकिलाने चारदा तपासला. "टिकेल. बहुतेक," तो म्हणाला.

मुगांबीला वास लागलाच. या वेळी तो कचेरीत न जाता तिच्या घरी आला. तिने त्याला मुरसिक दिलं, कोळशाच्या पुडीने करडं झालेलं आंबट दूध. त्याने नाक न मुरडता ते प्यायलं. त्याबद्दल तिला त्याचं कौतुकच वाटलं.

"सिस्टर, कंपनी युगांडाला जाईल," तो म्हणाला. "मी धमकी देत नाही. खरं तेच सांगतोय."

"जाऊ दे की. पण चहाची झुडपं काय चाकांवर आहेत? पानं इथंच खुडणार ना? मग ती युगांडाला न्या की मोंबासाला, निघणार आमच्याच रस्त्यानं."

मुगांबीने पेला खाली ठेवला. "ओमवांसा ऐन वेळी मागं हटेल. मग तुम्ही एकट्या पडाल, आणि कारखाना त्याच्याकडे जाईल. तुमच्या वॉर्डातल्या बायकांना काय सांगाल?"

तिने तो पेला उचलून आत नेला. खरी मेख तिथेच होती. दोघांपैकी कुणी तरी आधी कायदा करायला हवा होता, आणि जो आधी करेल त्याची मान सुरीखाली. दुसरा गप्प बसला तरी कंपनी आपसूक त्याच्या दारात. ओमवांसा फोनवर अडखळू लागला होता. "आमचे सभासद म्हणतात, आधी त्यांना करू दे."

"ठीक," तापकिगेन म्हणाली. "आम्ही आधी करतो."

"अहो, विचार तरी करा."

"केला. कुणीच आधी पाऊल टाकलं नाही तर दोघंही उभेच राहू. माझे पाय तुमच्यापेक्षा हलके आहेत."

केप्तेरेरच्या सभेत दिवसभर खडाजंगी झाली. एका सभासदाने तिला गुसींची सून म्हटलं. ती म्हणाली, "नवरा दाखवा, मग ठरवू." शेवटी ठराव निसटत्या मतांनी मंजूर झाला. न्यामाबारीची सभा दुसऱ्या दिवशी होती. पण पुरेसे सभासदच आले नाहीत म्हणून ती तहकूब झाली. आठवडा गेला. मुगांबीची गाडी पलीकडच्या काठावर फिरताना दिसू लागली. जमीन मोजणारेही आले.

वॉर्डात लोक तिला बघून बोलायचे थांबू लागले. एके दिवशी बाजारात लांगातची आई तिच्यासमोर उभी राहिली. तिच्या तिन्ही मुलांचा जन्म तापकिगेनच्या हातांवर झाला होता.

"सिस्टर, तुम्हाला पेन्शन आहे," लांगातची आई म्हणाली. "माझा लांगात घरी बसून आहे. रस्ता चांगला झाला, तर त्या रस्त्यावरून तो जाणार कुठं?"

तापकिगेनला समजावता आलं असतं. कर, माफी, उलटा लिलाव, सगळं. पण त्या बाईचा प्रश्न खोटा नव्हता. "मला माहीत नाही, लांगातच्या आई," ती म्हणाली. "पण कारखाना कुठंही होवो, तुझ्या पोरासाठी मी तिथं भांडेन."

"बघू," म्हणून ती बाई पालेभाजीच्या जुड्यांकडे वळली.

त्याच आठवड्यात न्यामाबारीची सभा पुन्हा भरली. तापकिगेन मटाटूने गेली आणि प्रेक्षकांच्या बाकावर पहिल्याच रांगेत जाऊन बसली. दार उघडून आत येणाऱ्या प्रत्येक सभासदाला ती दिसत होती. डोक्याला हिरवा रुमाल, मांडीवर पर्स, ताठ पाठ. कुणी तरी कुजबुजलं, "ही कशाला आलीय?"

ओमवांसा उठला. घसा खाकरला. तिच्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"सभापती महोदय," तो म्हणाला, "ती बाई तिथं बसलीय, ती आपल्या शेजारची. तिनं आपल्या शब्दावर उडी मारली. आता ती हवेत आहे. आपण खाली हात धरणार आहोत की बाजूला सरकणार? उद्या कंपनी तिसऱ्या काउंटीत जाऊन सांगेल, गुसी माणसाचा शब्द दोन शिलिंगांना मिळतो. ज्यांना ते चालणार असेल त्यांनी खुशाल विरोधात मत द्यावं. मी त्यांची नावं माझ्या आईला सांगेन."

सभागृहात हशा पिकला. ओमवांसाच्या आईला सगळेच ओळखत असावेत. मतदान झालं तेव्हा विरोधात अगदी थोडे हात वर आले.

कंपनी युगांडाला गेली नाही. कारखाना झाला, पण नदीपलीकडे, ओमवांसाच्या बाजूला. तिथे विजेची मोठी लाइन जवळ होती. मुगांबीने ते फोनवर तापकिगेनला स्वतः सांगितलं. आवाजात विजयाची छटा नव्हती. "रस्त्याचं शुल्क आम्ही भरतोय," तो म्हणाला. "कोर्टात जायचं होतं. वर मीच सांगितलं, हरू."

वॉर्डाची सभा झाडाखाली भरली. तापकिगेनने उभ्या उभ्याच सांगितलं: कारखाना आपल्याकडे आला नाही. त्यावर जे व्हायचं तेच झालं. शिव्या पडल्या, एक प्लास्टिकची खुर्ची उलटली, पक्षाचा तालुक्याचा माणूस मोठ्याने म्हणाला की पुढच्या वेळी सिस्टरला तिकीट नाही. ती ओरडा संपेपर्यंत थांबली.

"तिकीट नसेल तर तिकिटाशिवाय उभी राहीन," ती म्हणाली. "आता ऐका. मळे आपल्याकडे जास्त आहेत, म्हणजे ट्रक आपल्या रस्त्यावर जास्त. दवाखान्याच्या चढाचं काम या महिन्यात सुरू होतंय. आणि ओमवांसानं लिहून दिलंय की कारखान्याच्या भरतीत पूल ओलांडून येणाऱ्यांना मागं लोटणार नाहीत. सोमवारी मी जाणार आहे. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी पुलाशी या. मी बरोबर असेन."

सोमवारी पुलाशी बरीच पोरं आली. लांगात आला. त्याची आई त्याला सोडायला आली होती. तापकिगेनशी ती बोलली नाही, पण पोराची कॉलर मात्र तिने तिच्यासमोरच नीट केली. भरतीत काहींना काम मिळालं, काहींना नाही. लांगातला पहिल्या फेरीत मिळालं नाही. तापकिगेन त्याच्यासाठी पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली, आणि गोदामात त्याला जागा मिळवूनच परतली.

पावसाळ्याच्या तोंडाशी ओमवांसाचा फोन आला. वरच्या अंगाला, डोंगराच्या पलीकडच्या काउंटीत मुगांबी जिचा वकील होता अशी दुसरी एक कंपनी पोचली होती. फुलांची. तिथल्या सभेलाही कुणी तरी सांगितलं होतं म्हणे, की शेजाऱ्यांनी सगळं माफ केलंय.

"शेजारी म्हणजे कोण?" तापकिगेनने विचारलं.

"आपणच की हो! तुम्ही आणि मी."

"मग चला, जाऊन सांगू. मटाटू किती वाजता आहे?"

"रस्ता लांबचा आहे, सिस्टर. ते लोक आपल्याला ओळखतसुद्धा नाहीत. बसायला तरी सांगतील की नाही कुणास ठाऊक."

"उभ्यानं सांगू," ती म्हणाली, आणि खुंटीवरची छत्री काढली.