कागदावरचा पहिला मुलगा

राजधान्यांमध्ये बडी मंडळी जेवणं झोडत आकडे ठरवायची, आणि ते आकडे आमच्या बेटावर उतरायचे घामेजलेल्या साहेबांच्या बॅगेतून. या खेपेचा आकडा साठ, म्हणजे साहेबाच्या देशात इतकीच माणसं जाणार. समोर दिसणाऱ्या मलेशियाच्या सरकारचं म्हणणं होतं, ही माणसं तुम्ही उचला, नाहीतर नव्या होड्या उतरू देणार नाही. साहेबाचं सरकार म्हणे, उचलू, पण कागद चोख हवेत. दोघांचंही बरोबर. मधल्यामध्ये आम्ही व्हिएतनामहून होड्यांत बसून आलेले हजारो जीव पत्र्याखाली शिजत होतो.

मी सायगावातला इंग्रजीचा मास्तर, इथे दुभाषा. चारच्या बोटीने साहेब जाणार होता आणि सकाळपासून बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला होता. तेवढ्यात लान्हताईचा नंबर लागला. नवरा वारलेला, दोन लेकरं, अकरा महिने बेटावर. साहेबाच्या देशात तिची सख्खी बहीण होती. ही खेप हुकली तर पुढची सहा महिन्यांनी, तीही आली तर.

साहेबाने मुलांबद्दल विचारलं. ती म्हणाली, ही माझी दुसरी, हा तिसरा. मी मान वर न करता तसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं.

साहेबाचं पेन थांबलं. "मग पहिलं कुठे आहे?"

तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. आमच्या दक्षिणेत थोरल्यालाच दुसरा म्हणतात. पहिला म्हटलं की वाईट नजर लागते, म्हणून मोजणी दोनापासून. रोज मी हे आपसूक सावरून सांगायचो, आज मात्र माती खाल्ली. मी साहेबाला परोपरीने समजावलं. तो वाईट माणूस नव्हता, नुसता थकला होता. त्या आठवड्यात तीन घरांनी मागे व्हिएतनामात फौजेत असलेली मुलं कागदावर लपवली होती, आणि त्याच्या वरिष्ठांनी त्याला फैलावर घेतलं होतं.

"तुम्ही दुभाषे आहात मास्तर, वकील नाही," तो म्हणाला. "फाइल चौकशीला जाईल."

काय बिनसलं ते मी लान्हताईला सांगितलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती घड्याळाकडे बघत राहिली.

"मेला म्हणून सांगा," ती शेवटी म्हणाली. "येताना समुद्रात. मेलेल्याचे कागद कोण मागतंय?"

मी तसंच सांगितलं, आणि आधी तिच्याने बोलवलं नाही म्हणून मी मोजणीची सबब काढली, असंही जोडलं. साहेबाने चष्मा काढला, वाईट वाटलं म्हणाला, खरंच वाटलं असावं. मग नाव आणि तारीख विचारली. जो जन्मलाच नाही त्याचं नाव तिला कुठून सुचणार? तिच्याऐवजी मीच बोललो. न्हान, सतरा नोव्हेंबर. शिक्का बसला.

आठ दिवसांनी ती निघाली. धक्क्यावर बोचकं खाली ठेवून माझ्याकडे आली.

"मास्तर, त्याचं नाव काय सांगितलंत? आणि तारीख?"

मी म्हटलं, झालं गेलं, आता कशाला हवंय?

"कागदावर मारलाय ना मी त्याला. आता वर्षाच्या वर्षाला पान नको वाढायला? उपाशी राहील बिचारा."

मी नाव सांगितलं, तारीख सांगितली. माझा आवाज ऐकून ती माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा उरलेलंही सांगितलं. न्हान माझा थोरला भाऊ. आमच्या होडीवरून लाटेबरोबर गेला. आईला मी अजून कळवलेलं नाही. ती सायगावात त्याच्या पत्राची वाट बघते आहे, म्हणून त्याचं पान कुणीच वाढलेलं नाही. मीही नाही. वाढलं म्हणजे तो गेला हे मान्य करणं आलं.

बोटीवरून तिच्या नावाचा पुकारा झाला. तिने बोचकं उचललं, पण जागची हलली नाही.

"काय आवडायचं त्याला?"

"कारल्याचं सार," मी म्हणालो, आणि धक्क्यावर सगळ्यांदेखत रडायला लागलो.