अब्बांना न येणारा स्वयंपाक

लाकडी पाटावर सुरी इतक्या जलद पडत होती की तिचे वेगवेगळे ठोके ऐकूच येत नव्हते. उन्हाळी वाऱ्याबरोबर आलेली बारीक वाळू खिडकीच्या काचेवर सरसरत जावी तसा एकसंध, कोरडा आवाज होता तो, आणि त्या आवाजाखाली कांदा जणू आपोआप विरघळत चालला होता. सुरी अब्बांच्या हातात होती. हे वाक्य मी लिहिलं खरं, पण लिहितानाही क्षणभर थांबावंसं वाटलं; कारण सौदीतल्या रास तनुराच्या आमच्या घरात अब्बांच्या हातात सुरी मी त्याआधी कधी पाहिलेलीच नव्हती. त्यांना सफरचंदसुद्धा अम्मी फोडी करून द्यायची.

अब्बा तेलशुद्धीकरण कारखान्यात रिगर आहेत. क्रेनने उचलायच्या अवजड वस्तूंना दोर आणि साखळ्या बांधायच्या, मग खाली उभं राहून उंचावरच्या चालकाला हाताच्या खुणांनी वाट दाखवायची, हे त्यांचं काम. तिथल्या यंत्रांच्या गोंगाटात शब्द टिकत नाहीत. म्हणून असेल कदाचित, घरीही त्यांचे शब्द थोडे आणि हात बोलके. तर्जनी वर करून हवेत फिरवली की आम्ही निघायचं, तळवा खाली दाबला की टीव्हीचा आवाज कमी करायचा, आणि मूठ वळली की घरातलं सगळं जागच्या जागी थांबायचं, माझा रडका हट्टसुद्धा. संध्याकाळी ते दारात उभे राहत तेव्हा त्यांच्या पाठीवर घाम सुकून पांढऱ्या रेघा उमटलेल्या असत, ओहोटीनंतर पुळणीवर उमटतात तशा. आणि त्यांच्यामागे, समुद्रावरच्या दमट, धुरकट हवेत, कारखान्याची ज्योत एखाद्या केशरी डागासारखी थरथरत असे. तो घाम, ते मीठ, तो उजेड, हे सगळं एकदम घरात यायचं, आणि मग आम्ही म्हणायचो, अब्बा आले.

स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र त्या हातांची भाषा संपायची. तिथे ते गुडघ्यांवर हात ठेवून, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे बसत. अम्मी वाढायची, ते खायचे. पाण्याचा ग्लाससुद्धा जिथल्या तिथे मिळायचा. त्यांच्या या असहायतेवर आमचं घर उभं होतं असं म्हटलं तर जास्त होईल का? मला वाटतं, होणार नाही. कारण अम्मी सौदीला गेली ती याच असहायतेमुळे. निकाहनंतर अब्बा एकटेच तिकडे परत गेले होते. रत्नागिरीकडच्या इतर माणसांबरोबर एका खोलीत राहायचे, जिथे ज्याची पाळी त्याने सगळ्यांचं रांधायचं. नाना, म्हणजे अम्मीचे वडील, मुलीला वाळवंटात पाठवायला मुळीच तयार नव्हते. मग सुट्टीवर आलेले अब्बा त्यांच्यासमोर मान खाली घालून बसले आणि म्हणाले, मला अंडंसुद्धा उकडता येत नाही, माझी पाळी आली की खोलीतले लोक टोमणे मारतात, मी खुबूस दह्यात बुडवून दिवस काढतो. खुबूस म्हणजे तिथली विकतची रोटी. नानांनी जावयाची बारीक मनगटं पाहिली आणि त्यांना पाझर फुटला.

ही गोष्ट अम्मी घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची. दर वेळी तिचा आवाज एका ठराविक उंचीवर जाऊन थांबायचा, आणि मग ती म्हणायची, "मी आले नसते ना, तर हे उपाशी मेले असते इथे." अब्बा जमिनीकडे पाहून हसायचे. ते हसू मला लाजेचं वाटायचं.

माझा बारावीचा निकाल लागला आणि या गोष्टीला वेगळंच वजन आलं. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजात कोणीही गेलेलं नव्हतं. मला रत्नागिरीला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली, आपण हे चुकून तर मागितलं नाही ना, अशी. मुलगी एकटी राहणार नाही हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे अम्मीने माझ्यासोबत जायचं, मामांनी दोन खोल्या भाड्याने बघायच्या, आणि अब्बांनी घर सोडून पुन्हा त्या पाळीपाळीने रांधणाऱ्या माणसांच्या खोलीत राहायचं. तिकिटं काढून झाली होती. पण दिवस जवळ येऊ लागले तसं अम्मीचं मन मागे सरू लागलं. शेवटी तिने अट घातली. अब्बांना एक तरी पदार्थ धड जमला पाहिजे. नाही तर तिकिटं रद्द, कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू. आमच्याकडच्या मुलींचं पुढचं वर्ष कुठे जातं ते मी माझ्या मावसबहिणींच्या बाबतीत पाहिलेलं होतं.

मग शिकवणी सुरू झाली. तांदळाच्या भाकरीचं पीठ परातीपेक्षा अब्बांच्या कोपरांना जास्त लागलं, आणि जे काही तव्यावर पडलं त्याला आकार असा नव्हताच. डाळ करपली. भाताची पेज झाली. टनांचं वजन हवेत तरंगत नेणारे ते हात डावाभोवती असे काही अडखळायचे की बघवत नसे. "एवढी क्रेन हलवता, आणि डाव हलत नाही तुमच्याच्याने?" अम्मी म्हणायची, आणि तिच्या त्या चिडण्यात कुठेतरी एक समाधानही असायचं, आपल्याशिवाय यांचं चालत नाही याचं. मी मात्र रोज थोडी थोडी खचत होते.

म्हणून मी फोनवर शोधून टाको नावाचा मेक्सिकन पदार्थ काढला, सगळ्यांत सोपा. मक्याची तळून वाकवलेली कुरकुरीत कवचं खोक्यात तयार मिळतात. लाटायचं नाही, थापायचं नाही. खिमा परतायचा, त्यात भरायचा, वर कोबी, टोमॅटो, चीज. बीफचा खिमा, आमच्याकडे त्याला बड्याचा म्हणतात, फ्रीजरमध्ये कायमच असतो. यात चुकायला जागाच नाही असं मला वाटलं होतं.

शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज पढून अब्बा नुकतेच परतले होते. बाहेर दमट उष्मा एवढा की एसीने गार झालेल्या काचांना बाहेरून घाम फुटला होता, आणि त्या ओघळांमधून येणारं दुपारचं पांढरं ऊन स्वयंपाकघरात पाण्यासारखं हलत होतं. अम्मी म्हणाली, आधी मी करून दाखवते, मग हे करतील. मी वाचून दाखवत होते, पण तिने ऐकलं कुठे? एक कवच चिमट्यात धरलं आणि सरळ गॅसच्या आचेवर फिरवलं.

"अम्मी, ते भाजायचं नसतं गो!"

"मग काय कच्चं खायचं? पापड कधी कच्चा खाल्लायस?"

ते काळं पडलं आणि मधोमध तडकलं. दुसरंही. तिसऱ्याच्या वेळी तिने तेलाचा हात लावून पाहिला, तर ते पेटलंच. खिम्यात तिने सवयीने बटाटा आणि भांडंभर पाणी घातलेलं. तो रस्सा जळक्या कवचात भरताच सगळं मऊ होऊन तिच्या मनगटावरून खाली ओघळलं. अब्बा स्टुलावर बसून होते, हात गुडघ्यांवर. अम्मीने गॅस बंद केला.

"हे तुझं सोपं? मला जमेना, यांना काय जमणार? जाऊ दे नाझू. मामांना फोन लाव, म्हणावं खोल्या बघू नका."

मी फोन हातात घेतला. तेव्हा माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही. पण अब्बा तो पाहत होते, हे माहीत आहे. मग ते उठले.

टोपलीतला कांदा त्यांनी न बघता उचलला. अंगठ्याच्या एका झटक्यात त्याचं साल गेलं, आणि तो आवाज सुरू झाला, वाळूचा. अम्मी भांडी घासायच्या ओट्याला धरून उभी राहिली. त्यांनी उरलेला कच्चा खिमा कोरड्या, तापलेल्या कढईत टाकला, पाण्याचा थेंब न घालता. लाकडी उलथन्याने दाबून तो सपाट केला आणि तसाच सोडून दिला, तळाशी तांबूस होईपर्यंत. तेवढ्या वेळात कोबीचे दोऱ्यासारखे बारीक धागे पाटावर साचले. मग खिमा उलटला, मोकळा केला, त्यात कांदा, टोमॅटो; जिरं, धणे आणि लाल मिरचीची पूड डब्यांतून चिमटीनेच येत होती, आणि ती चिमटी हवेत किंचित फिरून उघडत होती. सुटलेलं पाणी आटेपर्यंत ते थांबले. वाचलेली कवचं त्यांनी ओव्हनच्या जाळीवर पालथी घातली आणि वासावरूनच बाहेर काढली. या सगळ्यात घाई नव्हती, अभिमान नव्हता, काही दाखवण्याचा भाव नव्हता. पुष्कळ वर्षांनी मातृभाषेत बोलणाऱ्या माणसाला जसा एकही शब्द शोधावा लागत नाही, तसं ते होतं.

अम्मीचा आवाज फार हळू आला. "हे तुम्ही कुठे शिकलात?"

"खोलीत. शेजारचा फिलिपिनो करायचा, त्याचं बघून."

"कुठल्या खोलीत?"

अब्बांनी एक कवच भरलं, त्यावर लिंबू पिळलं. "तू यायच्या आधीच्या."

"तिथे रांधायचं कोण?"

"मी. सगळ्यांच्या पाळ्या मीच करायचो."

काचेवरून एक ओघळ सरळ खाली गेला. अम्मी म्हणाली, "आणि माझ्या बापासमोर बसून सांगितलंत ते?"

"नसतं सांगितलं तर पाठवलं असतं का त्यांनी तुला, फरीदा?"

अम्मी स्टुलावर बसली, जिथे एरवी ते बसायचे. ती नुसती पाहत होती, जशी एखादी व्यक्ती आपल्याच घरात अचानक सापडलेल्या खोलीकडे पाहील. मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. अट पूर्ण झाली होती, माझं कॉलेज वाचलं होतं. पण तो झाला नाही. नानांची अंगणातली बैठक, बारीक मनगटं, पाहुण्या बायका, त्या गोष्टीचं ते ठराविक उंचीवरचं वाक्य, सगळं एकाच वेळी माझ्यासमोर फिरलं आणि कुठेच बसेना. भाकरीचं पीठ कोपरांना लागलं होतं ते मुद्दाम? डाळ मुद्दाम करपली होती? म्हणजे आम्ही जाऊ नये म्हणून हा माणूस इतके दिवस खोटं अडखळत होता, आणि आता माझा चेहरा पाहून त्याने अडखळणं सोडलं होतं. मी हे नीट समजले आहे की नाही, सांगता येत नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

अम्मीने टाको उचलला, बाजूने दाताखाली धरला. कवच कुरकुरून तुटलं, खिमा तिच्या तळहातावर सांडला. ती बराच वेळ चावत राहिली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मीठ अगदी बरोबर होतं. मी चाखलेलं होतं, अब्बांनाही ते ठाऊक होतं. पण त्यांनी मान हलवली, "मला कळत नाही गो मिठाचं," म्हणाले, आणि डब्यातून आणखी मीठ घेऊन कढईभर पसरलं. आम्ही तिघांनी ते खारट टाको शेवटपर्यंत खाल्ले. कोणीही पाणी मागितलं नाही.

तिकिटं रद्द झाली नाहीत. आता मी रत्नागिरीत आहे, दुसऱ्या वर्षाला. अब्बा त्या खोलीत, आणि खोलीतले लोक म्हणे त्यांची पाळी यायची वाट बघतात. सुरुवातीला बरेच दिवस अम्मी फोनवर हवापाणी विचारायची, इकाम्याचं, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण झालं का विचारायची, पण जेवलात का, हे विचारायची नाही. तो प्रश्न तिच्या ओठांशी येऊन वळायचा, हे मला दिसायचं. ज्या माणसाला भूक स्वतःची स्वतः भागवता येते त्याला काय विचारायचं, हे तिला नव्याने शिकावं लागत होतं. मग एका संध्याकाळी, काही कारण नसताना, तिने विचारलं. पलीकडून अब्बा म्हणाले, "नाही अजून."

ते खरंही असेल. तिथलं घड्याळ आमच्या मागे आहे; आमची ताटं उचलली जातात तेव्हा त्यांची चूल पेटायची असते. आम्ही जी संध्याकाळ संपवून बसलेलो असतो ती त्यांच्याकडे अजून उजेडात असते. आपल्या माणसाच्या नसण्याला एवढंसं अंतर असतं, एका जेवणाचं; पण आयुष्यभर एका ताटाशी बसून जे कळलं नाही ते त्या अंतरातून हळूहळू दिसू लागतं, आणि मग मागचा प्रत्येक घास आठवणीत पुन्हा चाखावा लागतो, स्वतः रांधता येत असूनही त्यांनी तो आपल्याकडून मागून घेतला होता हे माहीत असताना.