मी तेव्हाही वाजत होतो

मी नादकाटा. ‘मी बोलतो आहे’ असे म्हणायला मला संकोच वाटतो. बोलण्याला जीभ लागते, आणि मला आहेत केवळ दोन भुजा व एक दांडा. तळहाताच्या उशीवर मला हलकेच आपटले, की मी सेकंदाला पाचशे बारा वेळा थरथरतो. त्या थरथरीला तुम्ही नाद म्हणता. एवढीच माझी विद्या.

ज्या कारागिराने मला पोलादातून घडवले, तो माझ्या भुजा कानसीने घासायचा, वाजवून पाहायचा, पुन्हा घासायचा. शेवटी म्हणाला, “बस्स. आता हात लावायचा नाही.” मग कानाच्या एका तरुण डॉक्टरांनी मला विकत घेतले, आणि त्यांच्या पांढऱ्या डगल्याच्या खिशात, पेपरमिंटच्या गोळ्यांच्या शेजारी, माझी पस्तीस वर्षे गेली.

डॉक्टरांची एक आवडती चाचणी होती. मला वाजवून माझा दांडा ते रोग्याच्या कानामागच्या हाडावर टेकवत. नाद हाडातून आत शिरतो आणि हळूहळू क्षीण होत जातो. “थांबला की हात वर करा,” असे ते सांगत. रोग्याने हात वर केला, की तत्क्षणी तोच दांडा ते स्वतःच्या कानामागे टेकवत. त्यांना नाद ऐकू आला, तर रोग्याचा कान उणा. त्यांनाही आला नाही, तर रोग्याचा कान त्यांच्याइतकाच धडधाकट. पद्धत जुनी आणि सरळ होती. मात्र तिच्यात डॉक्टरांचा स्वतःचा कान हेच माप होते. ते माप आखडले तर काय, हा प्रश्न कोणाला पडला नाही. त्यांना तर नाहीच.

त्यांचा कान कधी मंदावू लागला, हे मलाही नेमके सांगता येणार नाही. “हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात,” अशी त्यांची तक्रार सुरू झाली. त्यांची सून कानाचीच डॉक्टर. शेजारच्या खोलीत ती यंत्राने कान तपासत असे. एकदा ती म्हणाली, “बाबा, दहा मिनिटं माझ्या खोलीत येऊन बसता का?”

“कशाला? वीज गेली की तुझं यंत्रच ठार बहिरं होतं. माझ्या काट्याला लागते का वीज?”

रोगी हसले. तीही हसली, आणि विषय तिथेच राहिला.

त्या दिवसांत एक बाई आली. पत्र्याचे डबे ठोकण्याच्या कारखान्यात ती अकरा वर्षे यंत्रावर होती. तिला डॉक्टरांचे एक पत्र हवे होते: कान उतरत आहेत, यंत्रावरून काढून लेबले चिकटवण्याच्या खोलीत काम द्यावे, एवढेच. तिच्या नवऱ्याला ते मान्य नव्हते.

“हिचे कान तसे तिखट आहेत, डॉक्टर,” तो म्हणाला. “मी हाक मारली की ऐकू येत नाही. शेजारीण भिंतीपलीकडे कुजबुजली की बरोबर येतं!”

बाईने त्याच्याकडे पाहिलेही नाही. डॉक्टरांनी मला वाजवले, तिच्या कानामागे टेकवले. थोड्याच वेळात तिने हात वर केला. त्यांनी मला स्वतःच्या कानामागे धरले.

मी वाजत होतो. त्यांच्या हाडाला टेकून, सारा जीव ओतून मी थरथरत होतो. डॉक्टर डोळे मिटून क्षणभर थांबले आणि म्हणाले, “कान ठणठणीत आहेत. लक्ष नसतं तुमचं, बाई.”

“बघ! मी काय सांगत होतो?” नवरा म्हणाला.

पत्र मिळाले नाही. बाई यंत्रावर परतली.

चौदा महिन्यांनी ती पुन्हा आली, नवऱ्यासोबतच. या खेपेस ती डॉक्टरांच्या डोळ्यांकडे पाहत नव्हती. तिची नजर त्यांच्या ओठांवर खिळली होती. डॉक्टरांनी मला पुन्हा वाजवले. तिने लगेच हात वर केला. त्यांनी मला स्वतःच्या कानामागे धरले व मान हलवली, “माझाही थांबला.”

सून कसलासा कागद न्यायला आत आली होती. ती दारातच उभी राहिली. मग पुढे होऊन म्हणाली, “बाबा, जरा द्या.” तिने मला त्यांच्या हातातून घेतले आणि आपल्या कानामागे टेकवले.



“काय गं?”

“वाजतोय, बाबा.”

“पुन्हा कर.”

तिने पुन्हा केले. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः मला आपटले, जरा जोरानेच, आणि क्रमाने बाईच्या, स्वतःच्या आणि सुनेच्या कानामागे फिरवले. प्रत्येक वेळी सुनेने “अजून आहे” असे म्हटले. 

डॉक्टर बाईसमोर बसले. तिला ओठ दिसावेत म्हणून सावकाश म्हणाले, “मागच्या वेळी तुमचं बरोबर होतं. कान माझे गेले होते.”

बाईने विचारले, “आता पत्र द्याल?”

“देतो. पण गेलेलं परत येणार नाही, बाई. त्या दिवशी दिलं असतं, तर पुष्कळ राहिलं असतं.”

 नवरा म्हणाला, “मी तिला काय काय बोललो, डॉक्टर...”  डॉक्टरांनी पत्र लिहिले, सही केली, आणि ते दोघे गेल्यावर सुनेच्या खोलीत जाऊन रोग्याच्या स्टुलावर बसले. “लाव तुझं यंत्र,” ते म्हणाले.

आता मी सुनेच्या खिशात असतो. दर सोमवारी ती आधी स्वतःचे कान यंत्रावर तपासून घेते, मगच मला हात लावते. डॉक्टर रोगी पाहत नाहीत. गेल्या पाच वर्षांची टिपणे काढून ‘कान ठणठणीत’ असा शेरा असलेल्या प्रत्येकाला ते स्वतःच्या अक्षरात पत्र लिहितात: माझी चूक झाली असण्याचा संभव आहे, पुन्हा तपासून जावे. एकशे सत्तावीस पत्रे गेली. त्रेसष्ट माणसे आली. काही पत्ते बदलले असतील; काहींना राग आला असेल, तो योग्यच आहे.

वाचकहो, असे एखादे पत्र तुमच्या घरी न उघडता पडून असेल, तर ते उघडा. ज्याच्या नावाचे असेल, त्याला हाक मारून पाहा. वळला नाही तर रागावू नका. हाताला धरून इकडे घेऊन या.